बेचाळिसाव्या दिवशी आई संपते का?

बर्‍याच दिवसांनी इकडे फिरकलेय. मधे दोघा-तिघांनी मेल करून विचारलं, ब्लॉग बंद केलास का? नाही केला. एका विषयावर लिहावं की नाही, यात अडकले होते. हा ब्लॉग वाचणार्‍यांत निम्मे ब्लॉगवाले मित्रमैत्रिणी आणि निम्मा आमचा गोतावळा. आत्या, मामी, चुलतभाऊ, इंझोरीपासून इंदूरपर्यंतची सगळी मंडळी. त्यांच्यासमोर बाळंतपणाबद्दल, त्यातही 'अंगावरून जाणं' वगैरे शब्द वापरून लिहायचं म्हणजे जरा... असो. शेवटी संकोचापेक्षा राग मोठा निघाला. तेव्हा आज थोडं कडू लिहिणार आहे. पुरुषमंडळींनी "बायकांचा विषय" म्हणून खिडकी बंद करू नये. हे खरं तर त्यांच्यासाठीच जास्त आहे.

माझा राग दोन वाक्यांवर आहे.

पहिलं वाक्य : "सगळ्याच बायकांना होतं." बाळंतीण दिवसेंदिवस रडते, लेकरू झोपलं तरी हिचा डोळा लागत नाही, जेवणावरची वासना उडालीय, बाळाला जवळ घ्यायला नको म्हणते, असं कोणी सांगितलं की हे वाक्य हमखास येतं. दुसरं वाक्य : "लाखात एखादीला होतं." बाळंतपणानंतर किंवा गर्भ पडल्यानंतर क्वचित होणार्‍या एका कॅन्सरचा विषय काढला की हे. आता गंमत बघा. एक त्रास सगळ्यांना होतो म्हणून त्याकडे बघायचं नाही. दुसरा जवळजवळ कोणालाच होत नाही म्हणून त्याकडेही बघायचं नाही. मग बघायचं तरी कशाकडे? नेमक्या कितव्या बाईला झालं की आपलं लक्ष जागं होतं, तो आकडा एकदा सांगून टाका!

माझं म्हणणं एवढंच आहे. या दोन्ही आजारांवर भरपूर अभ्यास झालेला आहे, उपाय सापडलेले आहेत, आणि त्यातले कामाचे उपाय स्वस्त आहेत. घोडं अडलंय ते एका साध्या गोष्टीपाशी. बाळंतपणानंतर काही महिन्यांनी आईला कोणी काही विचारत नाही.

"विचारत नाही" म्हटलं की आशाताई माझ्यावर चिडतील, आणि त्यांचं चिडणं रास्त असेल. तेव्हा आधी त्यांचं काम सांगते. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशा सहा वेळा घरी येते. तिसर्‍या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवसाची भेट जास्तीची. ही कल्पना दिल्लीतल्या कचेरीत उगवलेली नाही, आपल्या विदर्भातली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेतली, आणि १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिलं की नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आले. देशभरातल्या आशा आज त्याच वाटेने चालतात. वर्‍हाडातल्या माणसाने कॉलर ताठ करावी अशी ही गोष्ट आहे.

पण त्या भेटीचा फॉर्म बघा. बाळाचं वजन, बाळाचं तापमान, बाळाचं दूध पिणं, बाळाची नाळ. आईसाठीही प्रश्न आहेत, नाहीत असं नाही. दिवसातून किती वेळा जेवते, रक्त किती जातं, ताप आहे का, घाण वासाचं पाणी जातं का, असंबद्ध बोलते का, झटके येतात का. शेवटचे दोन प्रश्न नीट वाचा. बाई बडबडायला लागली तर तिला दवाखान्यात न्यायचं. आणि बाई गप्प झाली तर? त्याला रकाना नाही.

बेचाळिसाव्या दिवशी तेही संपतं. ही बेचाळीस दिवसांची रेघ कुठून आली? मातामृत्यू मोजायची जी आंतरराष्ट्रीय व्याख्या आहे, ती गरोदरपण संपल्यापासून ४२ दिवसांपर्यंतचीच आहे. त्यानंतर वर्षभरातले मृत्यू 'उशिरा झालेले' म्हणून वेगळे धरतात, आणि आपण वर्तमानपत्रात जो मातामृत्यू दर वाचतो त्यात ते येतच नाहीत. म्हणजे तिसर्‍या महिन्यात एखादीने विहीर जवळ केली, किंवा सहाव्या महिन्यात ती कॅन्सरने गेली, तर सरकारी हिशेबात ती 'आई' म्हणून गेलेलीच नसते. बरं, आपले रीतिरिवाजही तिथेच थांबतात. सव्वा महिना झाला की शेगडी विझते, डिंकाचे लाडू संपतात, माहेरून पाठवणी होते आणि बाई पुन्हा चुलीशी नाहीतर वावरात. सरकार आणि सासर यांचं इतकं एकमत दुसर्‍या कुठल्या विषयावर मी पाहिलेलं नाही!

आता "सगळ्यांनाच होतं" याचा समाचार घेते.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस हळवं होणं, उगीच रडू येणं, हे खरंच बहुतेकींना होतं. हार्मोन्स एकदम खाली येतात, झोप नसते, अंगात रक्त कमी असतं. हे हळवेपण आठ-पंधरा दिवसांत आपोआप ओसरतं. बाळंतपणानंतरचं नैराश्य ही वेगळी गोष्ट आहे. ते आठवडे, महिने राहतं आणि बाईला आतून पोखरतं. तिसरा प्रकार त्याहून वेगळा. हजारात एक-दोघींना पहिल्या काही दिवसांतच भ्रम होतात, भलतंसलतं दिसतं-ऐकू येतं, झोप पार उडते. तो अपघाताइतकाच तातडीचा आजार आहे. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी एकाच टोपलीत टाकतात. फार तर "बाळंतवात झाला" म्हणतात, नाहीतर "बाहेरचं काहीतरी आहे" म्हणून उतारा टाकतात.

हे मधलं नैराश्य किती जणींना होतं? गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकार्‍यांनी म्हापशाच्या रुग्णालयात येणार्‍या २७० गरोदर बायकांचा मागोवा घेतला. तो अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के बायकांना नैराश्य होतं. त्यातल्या निम्म्याहून जास्त सहा महिन्यांनंतरही आजारीच होत्या. (बेचाळीस दिवस आठवा!) आणि कशामुळे? गरिबी, नवर्‍याशी न पटणं, आणि पोटी मुलगी आली हे. नवर्‍याची मारहाण किंवा घरातली उपासमार असेल तर मुलगी झालेल्या बाईवर त्याचा वेगळाच परिणाम होतो, असंही त्यांना दिसलं. हे वाचताना मला तरी म्हापसा आणि मानोरा यांत फार अंतर वाटलं नाही. पुढे २०१७ साली भारतातल्या ३८ अभ्यासांतल्या वीस हजारांवर बायकांचे आकडे एकत्र केले, तेव्हा उत्तर आलं २२ टक्के. म्हणजे पाचांत एक.

पाचांत एक म्हणजे 'सगळ्या' नव्हेत, हे आधी लक्षात घ्या. उरलेल्या चौघींना हे होत नाही. आणि समजा सगळ्यांना होत असतं तरी काय? हिवताप गावात सगळ्यांना व्हायचा तेव्हा आपण गोळ्या वाटल्या, भिंतींवर फवारणी केली. "सगळ्यांनाच होतो" म्हणून घरी बसलो नाही.

यावर दुसरा ठरलेला बाण येतो : "पूर्वीच्या बायकांना दहा-दहा लेकरं व्हायची, त्यांना कुठे होतं डिप्रेशन?" काकू, मामी, तुमचा मान राखून विचारते. तेव्हा कोणी विचारलं होतं का त्यांना? न विचारणं आणि नसणं यांतला फरक डॉ. राणी बंग यांनी १९८९ सालीच दाखवून दिलाय. गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांतल्या ६५० बायका त्यांनी तपासल्या. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं. आणि त्याआधी कधीतरी अशी तपासणी झालेल्या बायका किती? ८ टक्के. हा अभ्यास 'लॅन्सेट'ने छापला तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांना धक्का बसला. त्या गावांतल्या बायकांना बसला नसावा. त्यांना ठाऊकच होतं, फक्त सांगायला कोणी समोर बसलं नव्हतं. शरीराच्या दुखण्याची ही गत, तर मनाचं कोण सांगणार?

तिसरा बाण : "ही सगळी फॉरेनची फॅडं आहेत, महागडी." महागडी फॅडं आहेत, मान्य. अमेरिकेत २०१९ साली या नैराश्यासाठी खास औषध मंजूर झालं, साठ तास सलाईनमधून द्यायचं, एका बाईचा औषधाचाच खर्च ३४ हजार डॉलर. ते २०२४ च्या अखेरीस कंपनीने बंदही केलं. २०२३ मध्ये त्याच वाटेची चौदा दिवसांची गोळी आली. ठीक आहे, ज्यांना परवडतं त्यांचं भलं होवो. पण रावळपिंडीजवळच्या खेड्यांत काय झालं तेही ऐका. तिथल्या आशांसारख्याच 'लेडी हेल्थ वर्कर' बायकांना बाळंतिणींशी कसं बोलायचं, तिला दिवसाची घडी कशी बसवून द्यायची, घरच्यांना कसं सामील करून घ्यायचं, हे शिकवलं. २००८ साली त्याचा निकाल छापून आला. सहा महिन्यांनी, ज्यांच्याकडे या शिकलेल्या बायका गेल्या त्यांच्यात २३ टक्के अजून नैराश्यात होत्या. ज्यांच्याकडे न शिकलेल्या गेल्या त्यांच्यात ५३ टक्के. (पाकिस्तानातलं आहे म्हणून सोडून देऊ नका, बाई इथली-तिथली सारखीच रडते.) पुढे गोव्यात 'संगाथ' संस्थेने हेच काम गावातल्या साध्या शेजारणींकडून करवून घेतलं आणि २०१९ मध्ये निकाल मांडला. फरक चमत्कार म्हणावा इतका नव्हता, पण होता. गोळी नाही, सलाईन नाही. बाजूच्या घरातली बाई येऊन बसते आणि रीतसर विचारते, ऐकते.

आता दुसरं वाक्य. "लाखात एखादीला."

गर्भ रुजताना वारेच्या पेशी पिशवीच्या अस्तरात शिरतात. ते त्यांचं कामच असतं. क्वचित या पेशी बेलगाम वाढतात. कधी गर्भच नीट धरत नाही आणि पिशवीत द्राक्षाच्या घडासारखे पाण्याचे फोड तयार होतात. त्याला डॉक्टर 'मोल' किंवा 'मोलर प्रेग्नन्सी' म्हणतात. सोनोग्राफीत दिसतं, पिशवी साफ करतात, बाई घरी येते. बहुतेकींचं तिथे संपतं. पण पूर्ण मोल असेल तर शंभरातल्या पंधरा-वीस जणींत त्या पेशी मागे राहून पुन्हा वाढतात आणि औषधोपचार लागतात. यातलाच सगळ्यात धोक्याचा प्रकार म्हणजे कोरिओकार्सिनोमा हा कॅन्सर. तो निम्म्या वेळा अशा मोलनंतर होतो, साधारण पाव वेळा गर्भपातानंतर, आणि उरलेल्या पाव वेळा चांगल्या पूर्ण दिवसांच्या बाळंतपणानंतर. म्हणजे घरात गुटगुटीत बाळ खेळतंय, आणि आईला हा आजार. युरोप-अमेरिकेत साधारण ४० हजार गरोदरपणांमागे एक असं त्याचं प्रमाण सांगतात, आशियाच्या काही भागांत बरंच जास्त.

दुर्मिळ आहे, कबूल. पण या दुर्मिळ कॅन्सरची एक गोष्ट अशी आहे, की ती ऐकल्यावर "लाखात एखादी" म्हणणार्‍याची जीभ अडखळायला हवी. औषधाने पूर्ण बरा झालेला हा पहिला गाठीचा कॅन्सर आहे. १९५६ च्या सुमारास अमेरिकेत डॉ. मिन च्यू ली या चिनी डॉक्टरने मेथोट्रेक्सेट देऊन तो बरा केला. मेथोट्रेक्सेट आणि त्याच्या आधीचं भावंड-औषध जिथे तयार झालं त्या लेडरली कंपनीतल्या संशोधनाचे प्रमुख होते आपले आंध्रातले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. या कॅन्सरच्या पेशी एक हार्मोन सोडतात, तेच ज्याच्यामुळे गरोदरपणाच्या पट्टीवर दोन रेघा उमटतात. ली यांचा हट्ट असा की गाठी दिसेनाशा झाल्या तरी रक्तातलं हे हार्मोन शून्यावर येईपर्यंत औषध थांबवायचं नाही. वरिष्ठांना हा आततायीपणा वाटला आणि १९५७ साली त्यांना ती नोकरी सोडावी लागली. पुढे कळलं की ज्या बायकांना त्यांनी शून्य येईपर्यंत औषध दिलं त्याच कायमच्या बर्‍या झाल्या. १९७२ साली त्यांना त्यासाठी लास्कर पारितोषिक मिळालं. आज वेळेत सापडला आणि धोका कमी असलेल्या गटातला असला, तर या आजारातून जवळजवळ शंभर टक्के बायका बर्‍या होतात. पुढे त्यांना मुलंही होतात. मेथोट्रेक्सेट भारताच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे.

मग अडचण काय? 'वेळेत सापडला' या दोन शब्दांची. मोलनंतर ते हार्मोन शून्यावर येईपर्यंत दर आठवड्याला आणि नंतर काही महिने दरमहा रक्त तपासावं लागतं, आणि तोवर पुन्हा दिवस जाऊ द्यायचे नसतात. बस, इतकंच. इंग्लंडने १९७३ पासून यासाठी देशभराची एक नोंदवही ठेवलीय. मोल झालेल्या प्रत्येक बाईचं नाव तीनपैकी एका केंद्रात नोंदतात आणि ती आपल्या गावाहून रक्त-लघवीचे नमुने चक्क पोस्टाने पाठवते! आजार दुर्मिळ आहे म्हणूनच एकही बाई सुटता कामा नये, हा तिथला विचार. आपल्याकडे तोच शब्द नेमका उलट्या कामाला लावलाय.

आमच्या नात्यातल्या एकीचं सांगते. (कोण ते विचारू नका, ओळखलं असेल तर मनात ठेवा.) काही वर्षांपूर्वी तिला मोल झालं होतं. एका दवाखान्यात पिशवी साफ केली, घरी पाठवली. कागदावर औषधांची नावं होती. पुन्हा रक्त तपासायला या, हे ना कागदावर होतं ना कोणी तोंडाने सांगितलं. घरच्यांनी तिला सांगितलं, "झालं गेलं विसर, आता लवकर दुसरा चान्स घे." देवदयेने तिला पुढे काही झालं नाही. पण देवदया ही आरोग्यव्यवस्था नव्हे. आणि त्या काही महिन्यांत ती कशी रडायची, ते ज्यांनी पाहिलं त्यांनाच माहीत. तिच्याकडे आशाताईंची एकही भेट झाली नाही. होणार कशी? भेट बाळाच्या नावाने असते. बाळच नाही, तर बारसं नाही, भेट नाही, फॉर्म नाही. दोन्ही संकटं एकाच बाईवर आली, आणि दोन्हीकडून ती यादीबाहेर.

चांगल्या बाळंतपणानंतरही सावध राहायला हवं. आठ आठवडे उलटून गेले तरी अंगावरून जाणं थांबत नसेल तर गरोदरपणाची साधी चाचणी करून बघा, असं डॉक्टरांचे नियमच सांगतात. हा कॅन्सर फुप्फुसात लवकर पसरतो. मग खोकला, धाप, थुंकीत रक्त. आपल्याकडे अशी बाई दिसली की पहिला संशय टीबीचा, आणि टीबीचीच औषधं चालू राहिल्याच्या केसेस डॉक्टरांच्या नियतकालिकांत छापून आलेल्या आहेत. सोबत तिचं लेकरू चार महिन्यांचं आहे, हे कोणी लक्षात घेतलं तर उत्तर एका तपासणीवर असतं.

आणखी एक. 'दुर्मिळ' हा शब्द वापरायचा तर आधी मोजावं लागतं. युरोपात वर्षाला लाखामागे सहाहून कमी नवे रुग्ण असले तर त्या कॅन्सरला दुर्मिळ म्हणतात, आणि असे सगळे दुर्मिळ कॅन्सर एकत्र केले तर एकूण कॅन्सरच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त भरतात! आपल्याकडे देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला सुरू झाली. मोठं काम आहे ते. पण २०२० च्या राष्ट्रीय अहवालातल्या अशा सगळ्या २८ नोंदण्या मिळून देशातली जेमतेम दहा टक्के लोकसंख्या येते. उरलेल्या नव्वद टक्क्यांत काय दुर्मिळ आहे आणि काय नाही, हे छातीठोकपणे सांगणार्‍यांना मी हात जोडते.

तुम्ही म्हणाल, टीका सोपी आहे, करायचं काय ते सांग. सांगते.

इंझोरी आहे मानोरा तालुक्यात, जिल्हा वाशिम. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजच्या सहा जिल्ह्यांत वाशिम होतं. २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत वाशिम आहे. तिथे दवाखान्यातली बाळंतपणं मोजतात, बाळाचं वजन मोजतात, तासाभरात अंगावर पाजलं का ते मोजतात. मोजायलाच हवं. आईचं मन मात्र त्या यादीत कुठेच नाही. २०१५ साली राज्य सरकारने शेतकरी आत्महत्यांच्या १४ जिल्ह्यांसाठी 'प्रेरणा प्रकल्प' काढला, त्यातही वाशिम. आशांनी कास्तकाराच्या घरी जाऊन उदास वाटतं का, झोप लागते का, असं विचारायचं. म्हणजे बघा, प्रश्न तयार आहेत, विचारणारी आहे, घरही तेच आहे. फक्त त्याच घरात आतल्या खोलीत बाजेवर पडलेल्या बाईला बाळंतीण म्हणून ते विचारायचे, हे कोणाला सुचलं नाही. आणि याचा उपयोग होतो का, अशी शंका असेल तर शेजारच्या अमरावतीकडे बघा. तिथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाच्या प्रकल्पात गावातल्याच कार्यकर्त्यांनी नैराश्याबद्दल घरोघरी बोलायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणार्‍यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेलं. २०१७ साली छापून आलेला अभ्यास आहे हा, आणि वर्‍हाडातला आहे!

तेव्हा माझी मागणी तीन प्रश्नांची आहे. २०१८ पासून आशा बाळासाठी तिसर्‍या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यातही घरी येते. त्या भेटींत आईला विचारा. गेल्या महिन्यात बरेच दिवस उदास, निराश वाटलं का? ज्यात एरवी जीव रमतो त्यात रमेनासा झालाय का? आणि अंगावरून जाणं सुरू आहे का? पहिले दोन प्रश्न इंग्लंडात बाळंतिणींना नेमाने विचारतात, तिसरा आपल्या कुठल्याही आजीला सुचेल. ज्यांचा गर्भ पडला किंवा मोल झालं, त्यांच्याकडेही या भेटी व्हायलाच हव्यात. आणि हो, हे काम फुकट नको. सहा भेटींचे मिळून २५० रुपये आणि पुढच्या भेटींचे प्रत्येकी ५० रुपये, एवढ्यावर आशाताईंच्या डोक्यावर आणखी एक पाटी ठेवायची असेल तर तो निर्लज्जपणा होईल. प्रश्न वाढवा, तसे पैसेही वाढवा. आणि प्रश्न विचारल्यावर पाठवायला जिल्ह्याच्या ठिकाणी माणूस हवं, नाहीतर विचारून काय उपयोग?

९ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं उद्घाटन झालं. आता तिथली मुलं प्रबंधासाठी विषय शोधतील. त्यांना आणि त्यांच्या सरांना माझी हात जोडून विनंती आहे. "नैराश्य किती टक्के" हे एकोणचाळिसाव्यांदा मोजू नका. ते माहीत आहे. आशांनी हे तीन प्रश्न विचारले तर किती बायका मदतीपर्यंत पोचतात, कुठे गळतात, घरचे कुठे अडवतात, ते शोधा. आणि मोलच्या बायकांची जिल्ह्यापुरती का होईना, एक वही सुरू करा. मुंबई-पुण्याला जे जमलं नाही ते वाशिमने करून दाखवलं, असं म्हणायला आम्हा इंझोरीकरांना फार आवडेल.

आणि तोवर आपण, म्हणजे हे वाचणारे. दादा, काका, भावजी, तुमच्या घरात गेल्या वर्षभरात कोणी बाळंत झालं असेल तर आज बाळाचा फोटो मागायच्या आधी तिला फोन करा आणि "बाळ कसं आहे" हा प्रश्न दुसरा ठेवा. रडली तर "असं रडू नये, दूध आटतं" म्हणू नका. ऐका. फारच बिघडलेलं वाटलं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे आणि मराठीत बोलतात. भलतंसलतं बोलत असेल, जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा करत असेल, तर उतारा-अंगारा बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. मानसोपचारासाठी भरती करावी लागली तर बाळाला तिच्यापासून तोडतील ही भीतीही सोडा. २०१७ च्या कायद्याने तीन वर्षांखालचं मूल साधारणपणे आईजवळच ठेवायला सांगितलंय. आणि कोणाची पिशवी साफ केली असेल तर कागद नीट वाचा, मोल लिहिलं असेल तर रक्ततपासणीची पुढची तारीख डॉक्टरांकडून लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

पोस्ट फार लांबली, माहीत आहे. ज्यांना पटलं नाही त्यांनी प्रतिक्रियेत भांडायला यावं, मी आहेच. फक्त "सगळ्यांनाच होतं" आणि "लाखात एखादीला होतं" ही दोन वाक्यं सोडून काहीतरी नवीन घेऊन या.